‘लिनक्सला कंपनीचा सपोर्ट आहे’ हे वाक्य कागदावर कसं घ्यायचं

परळच्या एका ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या मॅडमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅबसाठी २० डेस्कटॉप आणि शिक्षकांसाठी ५ लॅपटॉप घ्यायचे आहेत. जुनी मशीन विंडोज १० वर आहेत, ती ११ घेत नाहीत. पायथन आणि डेटाबेस लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमवर (ओएस), शिकवायचं ठरलं आहे. एक डीलर म्हणतो, ‘लिनक्स काय, सगळ्यावर चालतं, पण वॉरंटी जाईल.’ दुसरा म्हणतो, ‘ही कंपनी लिनक्सला अधिकृत सपोर्ट देते, निर्धास्त घ्या.’ कोणाचं ऐकायचं?

मॅडम, दोघांचंही ऐकून घ्या, पण त्यांच्या शब्दावर ऑर्डर देऊ नका. गेली २१ वर्षं मी मुंबईतल्या शाळा-कॉलेजांची आणि लहान ऑफिसांची मशीन बसवतो आणि सांभाळतो. त्यातली निम्मी लिनक्सची. ‘सपोर्ट आहे’ या दोन शब्दांवर विसंबून घेतलेल्या मशीनपायी लोकांचे पूर्ण शनिवार-रविवार वाया गेलेले मी पाहिले आहेत, माझेही गेले आहेत.

या शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे मशीन कारखान्यातूनच लिनक्स घालून येतं, आणि काही अडलं तर कंपनीच्या फोनवरचा माणूस लिनक्सची तक्रार नोंदवून घेतो. दुसरी, मशीन येतं विंडोज घालूनच, पण ते मॉडेल उबुंटू किंवा रेड हॅट या लिनक्स बनवणाऱ्यांकडून तपासून घेतलेलं असतं आणि त्यांच्या यादीत त्याचं नाव सापडतं. तिसरी, कोणीतरी कुठेतरी टाकून पाहिलंय आणि चाललंय. डीलरच्या तोंडी तिन्हींना एकच शब्द. यातलं नेमकं कुठलं, एवढं विचारलंत तरी बोलणं ताळ्यावर येतं.

आपल्याकडे यात चौथा घोटाळा होतो. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात ‘डॉसवाला लॅपटॉप’ मिळतो, म्हणजे विंडोजचे पैसे वाचवण्यासाठी फ्रीडॉस ही फुकटची साधी ओएस घातलेला. कधी कधी त्याच कारणासाठी उबुंटू घातलेलं असतं. बहुतेक गिऱ्हाइकं घरी नेऊन ते पुसतात. फ्रीडॉस घातलंय म्हणून त्यावर लिनक्स नीट चालेल असं अजिबात नाही. विंडोज दिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कंपन्या या वाटेला लागल्या कशा, हे थोडं सांगतो, कारण त्यातून कोणाकडे काय मागता येतं ते कळतं. २००७ मध्ये डेलने ग्राहकांकडून सूचना मागवल्या, त्यात लिनक्सची मागणी सगळ्यात वर आली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी उबुंटू ७.०४ घातलेली मशीन अमेरिकेत विकायला काढली. त्या दिवसांत आम्ही उबुंटूची सीडी पोस्टाने फुकट मागवायचो आणि मोडेम चालेल की नाही या धाकधुकीत टाकून बघायचो. एवढी मोठी कंपनी स्वतः लिनक्स घालून देणार, हे वाचून मला झालेला आनंद अजून आठवतो. पुढे २०१२ मध्ये डेलनेच ‘प्रोजेक्ट स्पुटनिक’ नावाने प्रोग्रामरांसाठी एक्सपीएस १३ लिनक्सवर आणला. लेनोव्होने २०२० मध्ये आपल्या काही थिंकपॅड लॅपटॉपांवर फेडोरा हे लिनक्स द्यायला सुरुवात केली, आणि वर्कस्टेशनची अख्खी मालिका उबुंटू व रेड हॅटसाठी प्रमाणित करून घेण्याचं जाहीर केलं. अमेरिकेतली सिस्टम७६ ही कंपनी तर २००५ पासून लिनक्सचीच मशीन विकते. तिचं काम मला फार आवडतं. पण उद्या कीबोर्डवर चहा सांडला तर परळला माणूस पाठवणारी यंत्रणा तिच्याकडे नाही, म्हणून तुमच्या कामाला ती मी सुचवणार नाही.

आता प्रमाणपत्राकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

उबुंटूच्या प्रमाणित मशीनच्या यादीत एखाद्या मॉडेलचं पान उघडा. त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव असतं, आत कुठला प्रोसेसर, कुठलं वायफाय कार्ड, कुठलं ग्राफिक्स हे असतं, आणि उबुंटूच्या कुठल्या आवृत्तीवर तपासलं ते असतं. प्रमाणपत्र त्या पूर्ण संचाला दिलेलं असतं, नुसत्या मॉडेलच्या नावाला नव्हे. काही पानांवर आणखी एक ओळ असते, तिच्यावरून लोकांची नजर सरकून जाते: हे मशीन काही देशांत कंपनीच्या खास उबुंटूसह मिळतं, आणि साधं डाउनलोड केलेलं उबुंटू त्यावर नीट चालेलच असं नाही. ही ओळ दिसली की थांबायचं आणि डीलरला विचारायचं, तो खास उबुंटू भारतात घालून मिळतो का?

एक प्रसंग सांगतो. अंधेरीच्या एका ऑफिसने एकाच मॉडेलचे ४ लॅपटॉप घेतले, एकाच बिलावर. मी चारींवर एकाच पेन ड्राइव्हवरून एकच उबुंटू टाकलं. दोघांवर वायफाय पहिल्या मिनिटाला आलं. उरलेल्या दोघांवर नेटवर्कच्या यादीत काहीच नाही. आधी वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून पुन्हा टाकलं. तेच. शेवटी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा देऊन बघितलं, मशीनच्या आत बसलेल्या भागांची ती यादी दाखवते. दोघांत इंटेलचं कार्ड होतं, दोघांत रिअलटेकचं, आणि ते इतकं नवीन की त्या वेळच्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्याचा ड्रायव्हरच (तो भाग चालवणारा प्रोग्राम) नव्हता. बाहेरून चारही लॅपटॉप जुळे भाऊ. खोक्यावर मॉडेलचं नाव एकच, फक्त त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या पार्ट नंबरची शेवटची दोन अक्षरं वेगळी. तेव्हापासून मी कोटेशनमध्ये मॉडेलच्या नावाबरोबर पूर्ण पार्ट नंबर मागतो, आणि माल आला की खोकं फोडण्याआधी तो जुळवून घेतो.

मग कंपनीचा सपोर्ट असला तर नेमकं वेगळं काय होतं? दोन गोष्टी. कंपनी सुट्या भागांच्या उत्पादकांना ड्रायव्हर लिहायला लावते आणि तो मूळ कर्नलमध्ये जातो. नव्या मशीनसाठी उबुंटू एक वेगळा, थोडा पुढचा कर्नलही ठेवतं, त्याला ओईएम कर्नल म्हणतात. बाजारात नुकत्याच आलेल्या लॅपटॉपवर साध्या एलटीएसपेक्षा (उबुंटूची दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) तो पुष्कळदा बरा चालतो. दुसरी गोष्ट बायोसच्या, म्हणजे बोर्डावरच्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या अपडेटची. पूर्वी बायोस अपडेट करायचा तर विंडोज लागायचं, मी त्यासाठी एक जुनी विंडोजची डिस्क बॅगेत घेऊन फिरायचो. रेड हॅटच्या रिचर्ड ह्यूज यांनी ‘एफडब्ल्यूअपडी’ हा अपडेट बसवणारा प्रोग्राम आणि त्याच्यासाठी कंपन्यांनी अपडेट ठेवायची एक सामायिक जागा उभी केली. डेल, लेनोव्हो, एचपी यांच्या बऱ्याच मॉडेलचे बायोस आता लिनक्समधूनच अपडेट होतात. कंपनी मनापासून सपोर्ट देते की नुसतं म्हणते, हे ओळखायची माझी पहिली खूण हीच: त्या मॉडेलचे बायोस अपडेट तिथे नियमित येतात का. प्रमाणपत्र एकदा मिळतं, अपडेट पाच वर्षं यावे लागतात.

लॅपटॉपच्या बाबतीत सगळ्यात जास्त त्रास झोपेचा. मशीनच्या झोपेचा म्हणतोय. झाकण मिटलं की लॅपटॉपने झोपावं, एवढीच अपेक्षा. पूर्वीची पद्धत एस-३ नावाची होती: रॅम सोडून जवळजवळ सगळ्याचा वीजपुरवठा बंद. नव्या लॅपटॉपांत ती बऱ्याचदा नसतेच. त्याऐवजी मशीन मोबाइलसारखं अर्धवट जागं राहतं, आणि आतला प्रत्येक भाग आपणहून नीट झोपला तरच बॅटरी वाचते. एखादा भाग जागा राहिला की सगळं मुसळ केरात. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिका सीएसएमटीला झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकायच्या आणि डोंबिवलीला उतरेपर्यंत बॅग पाठीला चटका देण्याइतकी तापलेली असायची. बॅटरी सकाळच्या निम्मी. गर्दीच्या गाडीत, बंद बॅगेत, तासभर. त्यात ना त्यांची चूक होती ना लिनक्सची. त्या बायोसमध्ये जुनी झोप ठेवलेलीच नव्हती, आणि नवी झोप त्या मॉडेलवर लिनक्ससाठी कोणी तपासलेली नव्हती.

याची दुसरी बाजूही आहे. २०१८ च्या थिंकपॅड एक्स१ कार्बनवर हीच तक्रार आली, तेव्हा लेनोव्होने बायोस अपडेट देऊन त्यात झोपेचे दोन पर्याय ठेवले: एक विंडोजसाठी, एक लिनक्ससाठी. पर्यायाच्या नावातच ‘लिनक्स’ हा शब्द होता. हे काम फक्त कंपनीच करू शकते. मी किंवा तुमच्या लॅबचा असिस्टंट कितीही हुशार असला तरी बायोस लिहू शकत नाही. म्हणून शिक्षकांच्या ५ लॅपटॉपांसाठी अधिकृत सपोर्टचे चार पैसे जास्त द्या असं मी सांगतो.

कॅमेऱ्याकडेही नीट बघा. पूर्वी लॅपटॉपचा कॅमेरा आतून यूएसबीने जोडलेला असायचा आणि लिनक्सवर तो बिनबोभाट चालायचा. गेल्या काही वर्षांत इंटेलच्या काही पातळ, महागड्या लॅपटॉपांत कॅमेरा थेट प्रोसेसरच्या इमेज युनिटला जोडलेला येतो, आणि त्याचे ड्रायव्हर कर्नलमध्ये यायला फार रेंगाळले. लॅपटॉप जितका महाग तितका लिनक्सवर चांगला, असं इथे नाही. फिंगरप्रिंटचंही तसंच. शिक्षकांना ऑनलाइन तास घ्यावे लागतात, तेव्हा कॅमेरा महत्त्वाचा. फिंगरप्रिंट चाललं नाही तर पासवर्ड टाकतील.

आता वॉरंटी. लिनक्स टाकल्याने वॉरंटी जाते, हे मी लॅमिंग्टन रोडपासून ठाण्यापर्यंत ऐकलंय. मी जेवढे वॉरंटीचे कागद वाचले त्यांत हार्डवेअरच्या भागांना वॉरंटी आहे, आणि कंपनीने न घातलेल्या सॉफ्टवेअरची जबाबदारी कंपनी घेत नाही, एवढंच लिहिलेलं असतं. स्क्रीन गेली, बोर्ड गेला, बॅटरी फुगली, तर आत कुठली ओएस होती याने फरक पडायचं कारण नाही. तरी तुमच्या मशीनचा कागद स्वतः वाचा, त्याला पर्याय नाही.

खरी अडचण फोनवर येते. तिकडचा माणूस कागदावरचे प्रश्न वाचत असतो, ‘विंडोज रिइन्स्टॉल करून बघा’ ही त्याची ठरलेली पायरी. तिथे वाद घालू नका. मशीनच्या आतच, ओएसच्या बाहेर चालणारी एक तपासणी असते. डेलला चालू करताना एफ१२ दाबून डायग्नॉस्टिक्स निवडायचं, एचपीला एफ२, थिंकपॅडला एफ१०. ती चालवली की दोष सापडल्यास एरर कोड येतो. तो कोड आणि सर्व्हिस टॅग, म्हणजे मशीनवरचा त्याचा स्वतःचा नंबर, सांगितला की ओएसचा विषयच निघत नाही. माझ्या अनुभवात इंजिनीअर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दारात. मशीन घेताना ऑन-साइट वॉरंटी मात्र ३ वर्षांची घ्याच. सर्व्हिस सेंटरला मशीन घेऊन जा, मग आणायला जा, यात कॉलेजच्या शिपायाचे दोन दिवस मोडतात.

इथे एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. बोर्ड बदलून इंजिनीअर निघून जातो आणि लिनक्स सुरूच होत नाही. सगळ्यांना वाटतं डिस्क गेली. डिस्क व्यवस्थित असते. नव्या बोर्डावर बायोसच्या सगळ्या सेटिंग कारखान्यातल्या झालेल्या असतात: डिस्कचा मोड पुन्हा रेडवर (अनेक डिस्क जोडायची पद्धत) गेलेला, सिक्युअर बूट (ओळखीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी तपासणी) चालू झालेलं, उबुंटूची बूट नोंद पुसलेली. एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरसाठी तुम्ही सिक्युअर बूटला जी चावी नोंदवली होती ती जुन्या बोर्डाबरोबर गेली. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी रात्री साडेअकरापर्यंत डेटा परत मिळवायच्या खटपटीत होतो, आणि डेटा जागच्या जागी होता. आता मी प्रत्येक मशीन लावलं की बायोसच्या चार-पाच पानांचे मोबाइलवर फोटो काढतो आणि सर्व्हिस टॅगच्या नावाने ठेवतो. बोर्ड बदलला की फोटो बघून सेटिंग परत करायला दहा मिनिटं पुरतात. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर रिकव्हरी पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. चावी टीपीएममध्ये, म्हणजे बोर्डावरच्या सुरक्षा चिपमध्ये, ठेवली असेल तर तीही बोर्डाबरोबर जाते.

लॅबच्या २० डेस्कटॉपांबद्दल माझं मत थोडं वेगळं पडेल. डेस्कटॉपला बॅटरी नाही, झाकण नाही, कॅमेरा नाही, लॅबमध्ये वायफायच्या जागी केबल. लिनक्सच्या बहुतेक कटकटी तिथे उद्भवतच नाहीत. तिथे अधिकृत सपोर्टच्या नावाने जास्त पैसे मोजू नका, इंटेलचं किंवा एएमडीचं बिल्ट-इन ग्राफिक्स असलेलं साधं बिझनेस मॉडेल पुरे. पण ऑर्डर देण्याआधी एक विनंती आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण इंटेलच्या ८ व्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमची जुनी मशीन त्या अटीत बसली नाहीत म्हणून बाद ठरली, बिघडली म्हणून नाही. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-३ असेल, तर ८ जीबी रॅम आणि एक एसएसडी घातल्यावर पायथन आणि डेटाबेस शिकवायला तो भरपूर आहे. इतक्या वर्षांत त्याचे सगळे ड्रायव्हर कर्नलमध्ये मुरलेले असतात. दोन मशीनवर लिनक्स मिंट किंवा झुबुंटू यांपैकी एक लिनक्स टाकून एक आठवडा मुलांना वापरू द्या. चालली तर २० ऐवजी ८-१० नवीनच लागतील, आणि वाचलेले पैसे यूपीएसच्या बॅटऱ्यांना घाला.

ऑफिससाठी एक विंडोज मशीन ठेवाच. फीचा हिशेब टॅलीवर असेल, जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये असतील, त्या एका दिवसात युनिकोडमध्ये येणार नाहीत. नवीन मराठी टायपिंगची चिंता नको, इनस्क्रिप्ट उबुंटूत आहेच, सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्ड जोडायचा. प्रिंटर मात्र तपासा. कॅननचा एलबीपी २९०० अर्ध्या मुंबईच्या ऑफिसांत आहे, आणि लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणं म्हणजे डोकेदुखी. नवीन घ्यायचा तर नेटवर्कचा, ड्रायव्हरशिवाय चालणारा घ्या. शिक्षकांना लिनक्सची सवय लावायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरिअल वापरा, त्यांतले पुष्कळ मराठीत आहेत.

परचेस ऑर्डरमध्ये काय लिहायचं ते सांगतो, कारण बाकी सगळं बोलणं तिथे येऊन ठरतं. पूर्ण पार्ट नंबर. त्या नंबरचं मशीन उबुंटूच्या कुठल्या एलटीएसवर प्रमाणित आहे, २४.०४ की २२.०४. कारखान्यातून लिनक्स घालून येणार की विंडोज. विंडोज येणार असेल तर त्याचे किती पैसे लावलेत, आणि तेच मॉडेल विंडोजशिवाय मिळतं का. ऑन-साइट वॉरंटी किती वर्षं. आणि एक ओळ मी नेहमी घालतो: ‘वायफाय, आवाज, कॅमेरा, झोप व प्रोजेक्टर उबुंटूवर चालत नसल्यास मशीन १० दिवसांत बदलून देण्यात येईल.’ ज्या डीलरचा आपल्या बोलण्यावर विश्वास असतो तो यावर सही करतो. दोन वेळा डीलरने सही करायला नकार दिला आणि मॉडेलच बदलून सुचवलं, ते बदललेलं मॉडेल आजही चालू आहे.

सही करण्याआधी डेमो मशीन मागवा. कॉलेजात मागवता आलं तर उत्तम, नाहीतर दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि ‘ट्राय उबुंटू’ करून, डिस्कला हात न लावता चालवा. आधी वायफाय, मग हेडफोन आणि माइक, कॅमेरा उघडून बघा, ब्राइटनेसची बटणं दाबा. तुमच्या वर्गातल्या प्रोजेक्टरची स्वतःची केबल बरोबर न्या, दुकानातली नको. मग चार्जर काढा, बॅटरीचा आकडा लिहून घ्या, झाकण मिटा आणि पाऊण तास चहा पिऊन या. परत आल्यावर मशीन थंड असेल, झाकण उघडल्यावर तीन-चार सेकंदांत जागं होत असेल आणि बॅटरी दोन-तीन टक्क्यांहून जास्त उतरली नसेल, तर त्या मॉडेलचा पार्ट नंबर लिहून घ्या. तो मला पाठवलात तर त्याचं प्रमाणपत्राचं पान आणि बायोस अपडेटचा इतिहास मी बघून सांगेन.